वाघदेवाची संहिता : हरसूल परिसरातील कोरीव प्रतिमा आणि शिवेचा प्रश्न

‘संहिता’ ही संज्ञा मराठी समीक्षेने पुष्कळ सैल केली असली, तरी निरक्षर कोरीव प्रतिमेपाशी ती अजूनही अडखळते. वीरगळ, गधेगळ यांना अभ्यासकांनी वाचनीय मानले. त्यामागे शिलालेखविद्येचे पाठबळ होते. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या गावशिवेवर उभा असणारा वाघदेव मात्र ‘लोककला’ या सोयीच्या (आणि काहीशा उपकारकर्त्या) कप्प्यात गेला.

वाघदेव म्हणजे लाकडाची वा दगडाची उभी फळी. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, बहुधा नागही, त्यावर शेंदूर. गधेगळावरही सूर्य-चंद्र असतात आणि तेथे त्यांचा अर्थ निश्चित आहे : दान आचंद्रार्क टिकावे, मोडणाऱ्यास शाप लागावा. तेथे दाता आहे, दान आहे, त्यामागे राजसत्ता आहे. वाघदेवावर यांपैकी काहीच नाही. येथला करार गाव आणि जंगल यांच्यातला. तो दरवर्षी आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, नव्याने करावा लागतो. गुराखी घरोघर धान्य मागतात, शिवेवर नैवेद्य शिजवतात, गुरे राखण्याचे साकडे वाघालाच घालतात. गधेगळ आपले चिरंतनत्व दगडावर सोपवतो. कुजणारे लाकूड ते पुनरावृत्तीवर सोपवते. हा भेद केवळ माध्यमाचा मानणे म्हणजे प्रतिमा पाहूनही न वाचणे होय.

हरसूल ज्यात मोडे ते पेठ संस्थान 1878 मध्ये ब्रिटिश अमलाखाली गेले. भारतीय वन कायदाही त्याच वर्षीचा. पुढे राखीव जंगलाच्या हद्दी नकाशावर उमटल्या आणि एकाच भूमीवर दोन चिन्हव्यवस्था समोरासमोर आल्या. नाशिक जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटिअरची रचना या दृष्टीने बोलकी आहे : जमातींच्या चालीरीती लोकसंख्येच्या प्रकरणात, जंगल आणि जमीन निराळ्या प्रकरणांत. शीव राखणारा देव अशा वर्गवारीत ‘श्रद्धा’ ठरतो आणि शिवेपासून तुटतो. समीक्षेने नंतर हीच विभागणी सौंदर्यशास्त्राच्या भाषेत चालू ठेवली, असे म्हणणे कठोर वाटेल, पण अन्यायाचे नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी पवित्र वृक्ष, देवराया, दफनभूमी यांना सामूहिक हक्काच्या पुराव्यांत स्थान दिले. त्या न्यायाने शिवेवरची शेंदरी फळीही ग्रामसभेला दाव्यात मांडता येईल. अर्थात तेथेही तिच्यासोबत अर्ज, ठराव आणि नकाशा जोडावाच लागतो.