तोच काठ हवा!

"गिरण्या आल्या आणि हातमाग मेला." शाळेत इतिहास शिकवताना हे वाक्य मी किती वर्गांना लिहून दिले असेल, गणती नाही. ढोबळमानाने ते चालून जाते. पण खरी हकिगत त्याहून मजेदार आहे.

विलायती सुताने, आणि १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणी काढल्यानंतर हळूहळू इथल्या गिरण्यांच्या सुतानेही, खरा घास घेतला तो सूतकताईचा. घरोघरचे चरखे थांबले. माग मात्र गिरणीच्याच सुतावर चालू राहिले. कशामुळे? तर बायकांच्या लुगड्यांमुळे! पुरुषांचे साधे कापड गिरण्यांनी सहज काबीज केले. पण लुगड्याचा काठ, पदर, रंग, लांबी सगळे गावागणिक निराळे. एका काठाची थोडीच लुगडी खपणार, त्यासाठी गिरणीला यंत्र अडकवणे परवडेना. बाई "मला तोच काठ हवा" म्हणून अडून बसली आणि विणकराची चूल पेटती राहिली. आमच्या पुस्तकांत खादीवर परिच्छेदच्या परिच्छेद असत, या हट्टावर एक ओळ नव्हती. असो.

महेश्वरचेच पाहा. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ असा कारभार केला आणि राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. घाट बांधले, देवळे बांधली, तसेच बाहेरून विणकर आणून वसवले. पाहुण्यांना आणि नातलगांना द्यायची उंची वस्त्रे गावातच विणली जाऊ लागली. किल्ल्यावरच्या कोरीवकामातली नक्षी काठांवर उतरली असे तिथले लोक सांगतात. लहर, चटई, रुईफूल ही त्या काठांची नावे. लहर अर्थातच नर्मदेची! महेश्वरीचा खास काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणजे घाईत साडी उलटी नेसली तरी कोणाला पत्ता लागत नाही. (मास्तरीण बायांना याची किंमत विचारा.)

दरबार गेले, आश्रय आटला. इचलकरंजीत १९०४ साली यंत्रमाग आला होता; पुढे यंत्रमागांनी काठांची नक्कलही साधली. १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले, ते पुढे ११ वर आले. बाजारात नक्कल मिळायची ती मिळतेच. महेश्वरमध्ये मात्र रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७८ मध्ये रेवा सोसायटी काढली, बायकांना विणकाम शिकवले आणि माग पुन्हा वाजू लागले. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात विणकर आणि त्यांना मदत करणारे मिळून ३५ लाखांवर माणसे मोजली गेली, त्यांत सुमारे ७२ टक्के बायका. नेसणारीही बाई, विणणारीही बाई, आणि मधले पैसे कोणाकडे जातात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणून आमच्या सूनबाईंनी थेट विणणारीकडून साड्या मागवायला सुरुवात केली तेव्हा मला बरे वाटले. फोटो फोनवर येतात, घासाघीस होते ती रंगाची, पैशांची नाही. मग तीन-चार आठवडे वाट पाहायची. हा जुनाच व्यवहार आहे, फक्त विणकर गल्लीऐवजी फोनमध्ये बसला आहे.

मी हौसेने नऊवारीची चौकशी करायला सांगितली. लहर काठ, रंग डाळिंबी. पलीकडून उत्तर आले, "आजींना सांगा, एका साडीसाठी ताणा लावणे नाही परवडत हो. एका ताण्यावर चार-पाच निघाल्या तर लावते."

तेव्हा मंडळी, माझी एक धरली आहे. धाकट्या वन्सं हो म्हणाल्या आहेत, पण त्यांना रंग मोरपिशी हवा आहे, त्यावर अजून खल चालू आहे. पुण्याच्या आणि इंदूरच्या भाच्यांनी लवकर काय ते कळवावे. सहावारी चालणार नाही.