बीडची गारपीट

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की दुष्काळांचीच यादी पुढे येते. गारपिटीस तीत स्थान नसावे, हा आम्हांस अन्याय वाटतो. २०१२ चे अवर्षण सोसल्यावर २०१३ चा पाऊस बरा झाला, रब्बी तरारली. आणि २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बीडसह मराठवाड्यावर गारांचा मारा झाला. बंगालच्या उपसागरावरील दमट वारे व उत्तरेकडील थंड हवा येथे भिडली होती. जेथे हिम कधी पडत नाही, तेथे काळी राने पांढरी झाली! काढणीस आलेला गहू, ज्वारी, हरभरा आडवा पडला. दुष्काळात पुष्कळदा पेरणीच टळते. येथे बियाणे, मजुरी, कर्ज सारे खर्ची पडल्यावर घाला आला. त्यातच लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. सरकारी मदतीसही निवडणूक आयोगाची अनुमती लागली.