डोमेन बदलल्यावर निर्देशिकेतील नोंदीचे काय करावे

महाजालावरील निर्देशिकेत एखाद्या संकेतस्थळाची नोंद होते, तेव्हा तेथे नोंदला जातो तो त्या दिवशीचा पत्ता. पुढे डोमेन बदलले, तर निर्देशिकेला त्याची वार्ता आपोआप लागेलच असे नाही. शोधयंत्र पानांना वारंवार भेट देऊन बदल टिपत असते. निर्देशिकेतील नोंद मात्र संपादकाने संकेतस्थळ पाहून, वर्गवारी ठरवून केलेली असते आणि ती दुरुस्तही बहुधा त्यालाच करावी लागते.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘ओपन डायरेक्टरी प्रोजेक्ट’, अर्थात डीमॉझ. १९९८ मध्ये सुरू झालेली ही निर्देशिका त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्याकडे घेतली. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिच्यात सुमारे ९० भाषांतील ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळांची नोंद होती. मराठीचा विभागही तिच्यात होता. हे काम सांभाळले ते स्वयंसेवी संपादकांनी. पुढे ‘कर्ली’ या निर्देशिकेने तो वारसा चालू ठेवला. डीमॉझचे दोन नियम डोमेन बदलणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे होते. एकच मजकूर असलेले दोन पत्ते स्वतंत्रपणे पाठवू नयेत, हा पहिला; दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारा पत्ता नोंदणीसाठी देऊ नये, हा दुसरा. जुनी नोंद कायम असताना नव्या पत्त्याने पुन्हा अर्ज करणे, हा साधा वाटणारा उपाय त्यामुळेच अंगाशी येण्याचा संभव असे. संपादकाला तो दुबार नोंदीचा प्रयत्न वाटू शकतो.

नोंद प्रसिद्ध झालेली असेल, तर नवा अर्ज न करता त्याच वर्गातील दुरुस्तीची सोय वापरावी. जुना पत्ता, नवा पत्ता आणि बदलाचे कारण थोडक्यात द्यावे. संकेतस्थळाचे शीर्षक व वर्णन शक्यतो तेच ठेवावे. पत्त्याबरोबर वर्णनही बदलून मागितले, की साध्या दुरुस्तीचे रूपांतर नव्या परीक्षणात होते. अर्ज अद्याप प्रलंबित असेल आणि तो बदलण्याची सोय नसेल, तर जुना पत्ता नव्याकडे वळवून वाट पाहणे श्रेयस्कर. संपादक जुन्या पत्त्यावरून आला तरी योग्य ठिकाणी पोहोचतो.

पत्ता वळवण्याचे हे काम सर्व्हरवर होते. त्यासाठी ३०१ हा संकेत वापरावा. त्याचा अर्थ ‘कायमचे स्थलांतर’ असा आहे. ३०२ हा संकेत तात्पुरत्या बदलासाठी असतो. जुन्या संकेतस्थळाचे प्रत्येक पान नव्या डोमेनवरील त्याच पानाकडे वळवावे. सर्व पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे सोपे खरे, पण वाचकाला हवा असलेला लेख त्यात हरवतो. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये पत्ताबदल कळवण्याची सोय आहे आणि असे वळण किमान एक वर्ष टिकवावे, अशी त्या कंपनीची शिफारस आहे. अर्थात ही सूचना गूगलपुरतीच. निर्देशिकांना ती कळत नाही.

फुकट मिळालेल्या जागेवरील संकेतस्थळांना हा मार्गही नसतो. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ ही सेवा बंद केली, त्यानंतर तेथील मोफत पानांच्या चालकांच्या हाती जुना पत्ताच उरला नाही.

खरा धोका असतो तो जुने डोमेन सोडून देण्यात. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपून नोंदणी रद्द झाली, की मूळ मालकाला ते सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. घेणारा त्यावर जुगाराची जाहिरात लावू शकतो किंवा जुन्या संस्थेचे हुबेहूब सोंगही उभे करू शकतो, आणि निर्देशिकेतील विश्वासार्ह वर्णन त्याच्या कामी येते. त्या डोमेनवरील ई-मेल पत्तेही त्याच्या हाती जातात. अन्य सेवांचे पासवर्ड त्याच पत्त्यांवर येत असतील, तर हानी अधिकच. म्हणून निर्देशिकेशी होणारा पत्रव्यवहार आधी नव्या ई-मेलवर न्यावा. जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाचा वार्षिक खर्च त्या मानाने किरकोळ आहे.

भारतात हा प्रश्न बँकांच्या संदर्भात ठळकपणे पुढे आला. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर न्यावीत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवली. नोंदणीचे काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. खोट्या संकेतस्थळांद्वारे होणाऱ्या फसवणुकीला आळा घालणे, हा त्यामागील हेतू. हे निर्देश नागरी सहकारी बँकांनाही लागू होते आणि अशा बँकांची संख्या देशात सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रात. डोमेन बदलले तरी व्यापारी निर्देशिका, नकाशे आणि जुन्या पासबुकांवरील पत्ता एका दिवसात बदलत नाही. लहान बँकेने खर्च वाचवण्यासाठी जुने डोमेन सोडले, तर त्या पत्त्यावर जाणारा खातेदार कोणाच्या दारात उभा राहील, हे बँकेच्या हाती राहत नाही.