ओंडक्याच्या टोकांचा लेप

लाकडातले पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून सुमारे दहापट वेगाने उडते. त्यामुळे टोक आधी आकसते आणि चिरते. म्हणून ओंडका कापल्यावर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, टोकांना मेणाच्या इमल्शनचा जाड थर देतात. डांबर किंवा वितळलेले मेण हा जुना, स्वस्त उपाय. पडलेली चीर लेपाने बुजत नाही. चाकण-भोसरीत पॅलेट व पेट्यांसाठी लागणाऱ्या पाइनवर लेपाचा खर्च करण्यात अर्थ नाही. सागाच्या जाड फळ्यांवर मात्र करावाच. इमल्शनचा डबा घट्ट झाकून सावलीत ठेवावा, एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली उघड्या इमल्शनवर साय धरते. गुठळ्या झालेले इमल्शन पाणी घालून पुन्हा कामाचे होत नाही.