केन्स नावाचा कोषाध्यक्ष

जॉन मेनार्ड केन्स आपल्याला बहुधा पाठ्यपुस्तकात भेटतो: मंदीत सरकारने खर्च करावा, वगैरे. मराठी वाचकाला तो आणखी एका वाटेने ठाऊक असतो. १९१३ सालच्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने भारतातल्या सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात तिचा कडक समाचार घेतला. मला मात्र तिसऱ्याच केन्सचे कुतूहल आहे. स्वतःचे, मित्रांचे आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे पैसे गुंतवणारा केन्स.

त्याची पहिली नोकरी लंडनच्या इंडिया ऑफिसातली, १९०६ सालची. दहा एअरशायर वळू मुंबईला रवाना करणे हे त्याचे पहिले काम, असे चरित्रकार सांगतात. भारतात तो कधीच आला नाही. रुपयावर लिहिले ते कागदपत्रांवरून. दूरच्या देशाचे अर्थकारण टेबलाशी बसून ओळखता येते, हा विश्वास त्याला तिथेच जडला असावा, असा माझा तर्क.

पहिल्या महायुद्धानंतर हाच विश्वास घेऊन तो बाजारात उतरला. व्हर्सायच्या तहाने लादलेली भरपाई जर्मनीला झेपणार नाही, हे त्याने १९१९ सालीच पुस्तक लिहून सांगितले होते. मग युरोपातली चलने घसरणार, हे ओघानेच आले. ऑस्वाल्ड फॉक या मित्राबरोबर त्याने मार्क, फ्रँक, लिरा वायद्याने विकले, डॉलर घेतले. १९२०च्या मे महिन्यात हीच चलने काही आठवडे उलट वर गेली आणि सगळी पुंजी बुडाली, त्यात ब्लूम्सबरीतल्या चित्रकार मित्रांचे पैसेही होते. पुढे १९२३पर्यंत मार्क मातीमोल झालाच. निदान अचूक होते, पण ते खरे ठरेपर्यंत तग धरायला पैसे उरले नव्हते.

त्याला वाचवले ते अर्नेस्ट कॅसल या धनाढ्य सावकाराने दिलेल्या ५,००० पौंडांच्या कर्जाने आणि प्रकाशकाकडून मिळालेल्या आगाऊ रकमेने. गुंतवणुकीचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. मला तो कळीचा वाटतो. अंदाज बरोबर असूनही, उसने द्यायला कुणी नाही म्हणून संपलेले लोक बाजारात थोडे नसतील. त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

कॉलेजचा तो १९२४मध्ये मुख्य कोषाध्यक्ष झाला. तोवर अशा संस्था जमिनी आणि सरकारी रोखे यांपलीकडे फारशा जात नसत. केन्सने समभाग घेतले. ‘चेस्ट’ नावाचा एक निधी तर १९२०पासूनच सर्वस्वी त्याच्या मर्जीने चाले. सुरुवात ३०,००० पौंडांची. व्याजदर, पतपुरवठा, मालाच्या किमती यांवरून तेजी-मंदीचे चक्र ओळखायचे आणि त्याप्रमाणे समभागांत शिरायचे, बाहेर पडायचे, ही त्याची रीत. या विषयात त्याच्याहून जाणता माणूस त्या काळी मिळणे कठीण. तरी १९२९ची पडझड त्याला आधी दिसली नाही. त्याची स्वतःची मालमत्ता १९२७ अखेर सुमारे ४४,००० पौंड होती, ती दोन वर्षांत आठ हजारांच्या आत आली. रबर, कापूस, कथील यांच्या वायद्यांनी त्याला आधीच पोळले होते.

त्यानंतर त्याने रीत बदलली. ऑस्टिन मोटर्स, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी अशा मोजक्या, नीट पारखलेल्या कंपन्या घ्यायच्या आणि धरून ठेवायच्या. १९३७-३८मध्ये पुन्हा मोठी घसरण झाली. त्यातच त्याला हृदयविकार जडला. मे १९३८मध्ये कॉलेजच्या समितीसाठी लिहिलेल्या टिपणात त्याने स्वच्छ सांगितले की, चक्र ओळखून आत-बाहेर करण्याची जी कल्पना त्याने स्वतः काढली होती, तिने काही साधलेले नाही. जगाच्या अर्थचक्रावरचा आपला ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती!

हे टिपण आज धीराचा धडा म्हणून सांगितले जाते. पण तो धीर कोणाच्या पैशांवर होता? कॉलेजला मुलीचे लग्न काढायचे नव्हते, दवाखान्याचे बिल भरायचे नव्हते. शतकानुशतके टिकलेल्या संस्थेला चार वाईट वर्षे म्हणजे काहीच नव्हे. १९२०च्या मे महिन्यात खुद्द केन्सला चार आठवडे निघाले नव्हते.

१९४६मध्ये तो वारला तेव्हा ‘चेस्ट’मध्ये सुमारे ३,८०,००० पौंड होते.