भट्टीत डोकावणारा आरसा



आपल्या दौंड-शिरूर भागातले गुऱ्हाळ आपण पाहिलेच असेल. काहील केव्हा उतरावयाची, हे गुळव्या पाकाचा रंग आणि फेस पाहून ठरवितो. आता अशी भट्टी कल्पा की जिच्याजवळ कोणी उभा राहू शकत नाही आणि जिच्यात घातलेली वस्तू क्षणात वाफ होऊन जाते. तिचा पाक पाहावयाचा कसा?

सूर्यातील अणुसंमीलनाची क्रिया पृथ्वीवर घडवू पाहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष आपले डॉ. होमी भाभा होते. ही शक्ती काबूत आणण्याची रीत वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खरे ठरले नाही. पण मोठी राष्ट्रे तेव्हा हे संशोधन गुप्त ठेवीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उद्गारांचे धैर्य कळते.

पुढे मॉस्कोच्या टी-३ यंत्रातील तापमानाविषयी रशियनांचा दावा पाश्चात्त्यांना पटेना. १९६९ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ लेसर घेऊन तेथे गेले. तप्त वायूतून विखुरलेला प्रकाश मोजून सुमारे १ कोटी अंश तापमानाची त्यांनीच खात्री पटविली.

मोठ्या भट्टीत मात्र न्यूट्रॉनच्या माऱ्याने काच काळवंडते. म्हणून तोंडाशी धातूचा आरसा ठेवून प्रकाश वळणावळणाने भिंतीपलीकडे न्यावा लागतो. हा पहिला आरसा दुहेरी मार खातो. चुंबकाला न जुमानणारे वेगवान अणू त्याला झिजवितात आणि भिंतीतून उडालेले कण त्यावर बसतात. साध्या धातूतील असंख्य स्फटिक कमी-अधिक झिजून पृष्ठभाग खडबडीत होतो. एकाच स्फटिकाचे मॉलिब्डेनम अधिक टिकते. बसणाऱ्या थरावर मात्र हा उपाय चालत नाही. इंग्लंडच्या जेट यंत्रात (१९८३ ते २०२३) ठेवलेले नमुन्याचे आरसे अशा थरांनी मंदावले. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा थरही पुरे होतो.

खरा धोका असा की, आरसा एकाएकी निकामी होत नाही. प्रकाश कमी आला तर भट्टी थंडावली की आरसा मळला, हे कसे ओळखावे? त्यात सर्व रंग सारखे घटत नाहीत. आपल्या गुळव्याला धुरकट चष्मा घालून काहिलीपुढे बसवावे, तसाच हा प्रकार!

गांधीनगरजवळ भारताचे 'आदित्य' यंत्र १९८९ साली सुरू झाले आणि फ्रान्समधील प्रचंड ईटर प्रकल्पात आपण २००५ मध्ये सामील झालो. तेथे आत माणसाचा हात पोहोचणार नाही. म्हणून आरशालाच रेडिओ-लहरींची वीज देऊन त्यावर लहानशी प्लाझ्मा-ज्योत पेटवावयाची आणि मळ उडवावयाचा, अशी योजना आहे. प्रत्येक सफाईत थोडा धातूही जातो. शिवाय २०२३ साली भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन घेण्याचे ठरले. टंगस्टनच्या भिंतीवर बोरॉनचा लेप द्यावा लागतो. तेव्हा आरशावर आता बोरॉनही बसणार.