बटण कोणी दाबायचे?

हृदयाची बिघडलेली लय विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणण्याचा इतिहास वाचताना तीन डॉक्टर हटकून भेटतात. क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर चौदा वर्षांच्या एका मुलाचे उघडे हृदय धक्का देऊन पुन्हा चालू केले. बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५६ मध्ये तेच बंद छातीवरून साधले. पुढे १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी डीसी प्रवाह वापरून उपचार अधिक सुरक्षित केला. यंत्राची ही वंशावळ सर्वांना पाठ असते. मला मात्र छळत राहिला तो वेगळाच प्रश्न: रात्री तीन वाजता बटण कोणी दाबायचे?

हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागले की रक्ताभिसरण थांबते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. कॅन्ससमधील बेथनी हॉस्पिटलात ह्यूजेस डे यांनी चाकांच्या गाडीवर सामग्री सज्ज ठेवली होती. तरी साध्या वॉर्डात पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. म्हणून मे १९६२ मध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात लॉरेन्स मेल्टझर यांनी तर पडद्यावरची लय ओळखणे आणि डॉक्टर जवळ नसेल तर धक्का देणे हे काम परिचारिकांवरच सोपवले. परिचारिकेने नोंद करावी आणि डॉक्टरांना बोलवावे, ही तोवरची रीत. ती मोडण्याचे श्रेय, माझ्या मते, तिथल्या परिचारिका रोझ पिनिओ यांनाही तितकेच जाते. १९६५ साली परिचारिकांसाठी निघालेल्या मार्गदर्शक पुस्तकावर मेल्टझर यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे.

बटण दाबणे हा कामाचा सर्वांत छोटा भाग, हे मला उशिरा कळले. लय जलद आहे पण नाडी लागते, अशा रुग्णाला ठरवून धक्का देताना यंत्राचे ठोके हृदयाच्या ठोक्यांशी जुळवावे लागतात. चुकीच्या क्षणी पडलेला धक्का चालत्या हृदयालाच थरथर लावू शकतो. उलट, थरथर सुरू असताना ही जुळणी चालू राहिली तर यंत्र ठोका शोधत बसते आणि धक्का देतच नाही. म्हणजे एकच कळ, एकदा चालू हवी आणि एकदा बंद! शिवाय रुग्ण उपाशी आहे ना, कवळी काढली ना, ऑक्सिजन छातीपासून दूर नेला ना, पलंगाला कोणाचा हात लागलेला नाही ना, हे सारे पाहायचे. धक्क्यानंतर नाडी, रक्तदाब, श्वास आणि भाजलेली त्वचा तपासायची, आणि गुंगीतून जागा होणारा माणूस घाबरून विचारतो, 'काय झालं?', तेव्हा त्याच्या उशाशी असायचे.